बाडा पाहायचा तर तिसऱ्या पावसाळ्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही वास्तुरचनाशास्त्राच्या (आर्किटेक्चर) शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रकल्पासाठी गवा, रोही (नीलगाय), सांबर, गेंडा अशा मोठ्या खुरी प्राण्यांचे बाडे, म्हणजे प्राणीसंग्रहालयातल्या त्यांच्या कुंपणातल्या मोकळ्या जागा, हा विषय घेतला आहे. नागपूरचं जुनं प्राणीसंग्रहालय महाराजबाग लहानपणापासून पाहिलेलं, आता तिथल्याच गोरेवाड्याची सफारीही पाहून आलात. दोन्हींची तुलना करायला बसलात, तर क्षेत्रफळ सोडून आणखी काय मोजायचं ते कळेना. शिवाय हे बाडे इतके बदलत का गेले, हेही तुम्हाला समजून घ्यायचं आहे.

मी पशुवैद्यक आहे. नागपूरच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि नंतरची 22 वर्षं मध्य भारतातल्या प्राणीसंग्रहालयांत आणि बचाव केंद्रांत गेली, त्यातली बहुतेक खुरी जनावरांच्या मागे. वाघाच्या पिंजऱ्याबद्दल विचारणारे रोज भेटतात. गव्याच्या बाड्याबद्दल इतक्या आस्थेने कोणी विचारलं याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी क्षेत्रफळाचंच बोलू, कारण तुम्ही तिथेच अडलात. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण 1992 साली स्थापन झालं आणि त्याच वर्षी प्राणीसंग्रहालयांच्या मान्यतेचे नियम आले. त्यात जोडीमागे मोकळ्या बाड्याची किमान जागा ठरवून दिली होती. वाघ-सिंहाला 1000 चौरस मीटर, गव्याला 1500, रानम्हशीला 1500, बारशिंग्याला 1500, एकशिंगी गेंड्याला 2000. आणि चिंकारा व चौसिंग्याला 2500. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. गव्याचा पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. चिंकारा भरतो वीस-पंचवीस किलो. तरी जागा चिंकाऱ्याला जास्त. विद्यार्थ्यांना मी हे आकडे दाखवतो तेव्हा त्यांना छपाईची चूक वाटते. चूक नाही. चिंकारा दचकला की सुसाट सुटतो आणि चौसिंगा दडायला झुडूप शोधतो. दोघांनाही जागा लागते ती अंगाच्या आकाराच्या हिशेबाने नाही, भीतीच्या हिशेबाने.

या भीतीला मोजमाप दिलं ते हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने. बर्न, बासेल आणि झुरिक या तिन्ही ठिकाणच्या प्राणीसंग्रहालयांचे ते संचालक होते. माणूस किती जवळ आला की प्राणी पळतो, ते त्याचं पलायन-अंतर. हे अंतर जातीप्रमाणे, वयाप्रमाणे आणि पूर्वीच्या अनुभवाप्रमाणे बदलतं. बाडा असा असेल की प्राणी कुठेही उभा राहिला तरी माणूस त्या अंतराच्या आतच असतो, तर तो प्राणी दिवसभर पळायच्या तयारीत असतो. तो शांत उभा दिसतो म्हणून लोक फसतात. कान बघा, शेपटी बघा, रवंथ चालू आहे का ते बघा. रवंथ करणारं जनावर घाबरलेलं असलं की रवंथ थांबवतं. बाड्याची परीक्षा घ्यायला याहून सोपं साधन मला आजवर मिळालेलं नाही: दुपारी 12 ते 3 या वेळात बसलेल्या जनावरांपैकी किती रवंथ करताहेत ते मोजायचं.

आता हे तुमच्या आराखड्यात कसं उतरतं ते सांगतो. 1500 चौरस मीटरचा चौकोन घ्या, म्हणजे साधारण 39 मीटरची बाजू. चारही बाजूंनी पायवाट दिली तर मधोमध उभ्या गव्याला कोणत्याही बाजूचा माणूस 20 मीटरपेक्षा कमी अंतरावर राहतो. त्याला याहून लांब जाताच येत नाही. तीच 1500 चौरस मीटर जागा 25 बाय 60 अशी लांबट करा आणि लोकांना फक्त एका अरुंद बाजूने पाहू द्या. आता त्याला 60 मीटर मागे जाता येतं. जमीन तेवढीच, खर्च थोडा जास्त, कारण कुंपणाची लांबी वाढली. पण जनावराच्या वाट्याला आलेलं अंतर तिप्पट झालं. दोन बाड्यांची तुलना करताना तुमच्या तक्त्यात क्षेत्रफळाशेजारी हा रकाना असू द्या: माणसापासून जास्तीत जास्त किती लांब जाता येतं.

महाराजबागेसारख्या जुन्या बागा या कसोटीवर का कमी पडतात, याचं उत्तर त्यांच्या जन्मात आहे. भोसल्यांची ही बाग, पुढे प्राणीसंग्रहालय झालं त्यालाही शंभरावर वर्षं झाली, आज कृषी महाविद्यालयाकडे तिची व्यवस्था आहे. शहराच्या मधोमध, झाडी देखणी, आणि नागपुरातल्या तीन-चार पिढ्यांनी पहिलं हरीण तिथेच पाहिलं. त्या काळात जगभर बागेची रचना माणसाच्या फेरफटक्यासाठी व्हायची. वाट वळत जाते आणि प्रत्येक वळणावर एक प्राणी. त्यामुळे बाडा बहुधा वाटांच्या मध्ये सापडतो आणि जनावराला पाठ फिरवायला बाजूच उरत नाही. हा दोष कोणा एका बागेचा नाही. लंडनमध्ये डेसिमस बर्टनने 1830च्या दशकात जिराफघर बांधलं, ते दीड शतकाहून जास्त काळ जिराफांसाठी वापरात राहिलं, कारण उंच दार आणि उंच छत ही जिराफाची गरज त्याने बरोबर ओळखली होती. बर्लिनमध्ये 1870च्या दशकात कुरंगांसाठी (अँटिलोप) घर बांधलं ते पौर्वात्य महालाच्या धाटणीचं. माणसाने आत जायचं आणि परदेशाची सहल केल्यासारखं वाटायचं, हा त्यामागचा विचार. कुरंगाच्या पायाखाली काय आहे, याला त्यात जागा नव्हती.

मोठा बदल कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणी-व्यापाऱ्याने केला. 1896 साली त्याने खंदकाच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेनला गजांशिवायचं प्राणीसंग्रहालय उघडलं. कोणता प्राणी किती लांब आणि किती उंच उडी मारतो हे त्याने आधी तपासलं आणि त्यावरून खंदकाची मापं ठरवली. दिल्लीचं प्राणीसंग्रहालय 1959 मध्ये उघडलं, त्याचा मूळ आराखडाही हागेनबेक घराण्यातल्याच माणसाकडून आला होता. भारतात खंदकाची जी चाल पडली ती इथून.

खंदकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: विदर्भात मोठ्या खुरी प्राण्यांसाठी तो टाळावा. हॅम्बुर्गचा पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. आपल्याकडे वर्षाचा जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि खंदकाचं डबकं होतं. डबक्यात गोगलगायी होतात आणि गोगलगायींतून पर्णकृमी, म्हणजे यकृतात शिरणारे चपटे जंत. सांबर तिथल्या कडेचं हिरवं गवत खातं आणि दिवाळीपर्यंत जबड्याखाली सूज घेऊन उभं राहतं. पिल्लं निसरड्या उतारावरून खाली जातात. जनावराच्या बाजूने हळू उतार आणि लोकांच्या बाजूने सरळ भिंत असा कोरडा खंदक, पाण्याला बाहेर जायला भरपूर मोठी वाट ठेवून केला, तर चालू शकतो. पण ती वाट पालापाचोळ्याने तुंबते आणि पहिल्या जोरदार पावसात ती साफ करायला माणूस मिळत नाही. कागदावरचा खंदक आणि जुलैतला खंदक यांत फार फरक पडतो.

इथे मी मुख्य मुद्द्यावर येतो. बाडे बदलतात याचा अर्थ लोक शैलीचा इतिहास असा घेतात: गज, मग खंदक, मग सफारी. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो एकाच बाड्यात दर वर्षी होणारा बदल. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक बाडा सुंदर असतो. हिरवळ असते, झाडं असतात, पाणी स्वच्छ असतं. त्यात गवे-सांबर सोडा आणि तिसऱ्या पावसाळ्यात या. कुंपणाच्या कडेने एक पायवाट पडलेली असते, तिथे गवत उगवत नाही. गव्हाणीभोवती चिखल. साग-ऐनाच्या बुंध्यांची साल सांबरांनी शिंगं घासून काढलेली, दोन-तीन झाडं वाळलेली. नागपूरच्या काळ्या मातीत हे लवकर होतं, कारण उन्हाळ्यात तिला बोटभर रुंद भेगा पडतात आणि पावसात तीच माती खुराला लोण्यासारखी चिकटते. भेगेत लहान खूर अडकून पाय मुरगळलेली चितळं मी पाहिली आहेत. पावसात उलट: खूर सतत ओला, मऊ, आणि झिजायला काहीच नाही.

एका गव्याची गोष्ट सांगतो. मी ज्या ठिकाणी तेव्हा काम करत होतो तिथला हा नर, वय असेल बारा-तेरा. लांबून पाहिलं तर राजा. जवळ गेल्यावर दिसायचं की पुढच्या दोन्ही पायांचे खूर मोजडीच्या टोकासारखे वर वळलेले. तो टाच टेकून चालायचा आणि दिवसेंदिवस कमी चालायचा. त्याला भूल द्यायची ठरवली. भुलेत मोठ्या रवंथी जनावराचं पोट फुगतं, म्हणून त्याला कुशीवर पडू न देता छातीवर बसवून ठेवावं लागतं, डोकं उंच, तोंड खाली. एका जुन्या रखवालदाराने त्याच्या डोळ्यांवर ओलं पोतं धरलं आणि जवळजवळ 40 मिनिटं तो माणूस त्या डोक्याला खांदा देऊन बसला. आम्ही चिमट्याने खूर छाटले, कानशीने घासले. खुराच्या फटीत चिखल वाळून विटेसारखा झाला होता. तो काढल्यावर आत कुजलेला भाग निघाला, वास असा की दोघं जण उठून बाजूला गेले. उतारा दिल्यावर तो उभा राहिला, चार पावलं टाकली आणि थांबला. पाय जमिनीवर सपाट पडतोय हे त्याला नवीन होतं.

खूर पुन्हा वाढणार होते, म्हणून आम्ही बाड्यात तीन गोष्टी केल्या, आणि तुमच्या आराखड्यासाठी त्याच कामाच्या आहेत. गव्हाणीभोवती चार-पाच मीटर रुंदीचा खरबरीत काँक्रीटचा पट्टा केला, गुळगुळीत नाही, झाडूने रेघा ओढलेला. त्यापुढे मुरूम, आणि मुरमापुढे मूळ माती. जनावर रोज तिन्हींवर चालतं आणि खूर आपोआप झिजतो. दुसरं, जमिनीला उतार दिला, शंभर फुटांना दोन फूट, आणि पाणी कुंपणाबाहेर काढलं. तिसरं सगळ्यात स्वस्त होतं: पाण्याचा हौद गव्हाणीशेजारून उचलून बाड्याच्या दुसऱ्या टोकाला नेला. कडबा आणि ढेप खाल्ल्यावर तहान लागते, मग चालावंच लागतं. त्या गव्याचे खूर पुढे पुन्हा कापावे लागले नाहीत.

काँक्रीटच काँक्रीट असेल तर उलटा त्रास होतो. एकशिंगी गेंड्याचं उदाहरण जगभर माहीत आहे. बासेलमध्ये 1956 साली युरोपातल्या प्राणीसंग्रहालयातलं पहिलं एकशिंगी गेंड्याचं पिल्लू जन्मलं. प्रजनन जमलं, पण कडक फरशीवर राहणाऱ्या या गेंड्यांना तळपायाचे चिवट आजार होतात हे पुढे अनेक ठिकाणी दिसलं. काझीरंग्यात हा प्राणी दलदलीत आणि उंच गवतात राहतो. त्याचा तळवा त्यासाठीच घडलेला आहे. आता त्याच्यासाठी मऊ थर आणि लोळायला चिखलाचं डबकं ही चैन मानत नाहीत, पायाचं औषध मानतात. गवा आणि गेंडा यांना एकच फरशी चालणार नाही, एवढं यातून घ्या.

कुंपणाकडे वळतो. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती पुन्हा कोणाकडून होऊ नये असं मला वाटतं. दुसऱ्या ठिकाणाहून एक रोही आणला होता, तरणा नर, निळसर झाक नुकती येत होती. बाड्याची चेनलिंक जाळी मी स्वतः फिरून तपासली होती. उंच, ताणलेली, कुठे भोक नाही. खोका उघडला, तो बाहेर आला, क्षणभर थांबला आणि समोर मोकळं रान दिसलं तसा पूर्ण वेगाने पळाला. जाळी त्याला दिसलीच नाही. पलीकडचं गवत तेवढं दिसलं. मान मोडली. आम्ही पोचलो तेव्हा पाय हलत होते.

खुरी प्राण्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. मागचं, कडेचं त्याला छान दिसतं, बारीक तार मात्र त्याला अडथळा वाटत नाही. याउलट साधा अपारदर्शक कापडी पडदा तो भिंत समजतो. दक्षिण आफ्रिकेत वन्य प्राणी पकडायची बोमा पद्धत यावरच चालते: कापडाच्या दोन भिंतींचं लांबलचक नरसाळं करून कळप त्यातून हाकत नेतात. धडक दिली तर फाटेल असं कापड असतं, पण प्राणी धडक देतच नाही. त्या रोह्यानंतर आम्ही कोणत्याही नव्या जनावरासाठी जाळीवर तुराट्यांचे ताटवे बांधायला लागलो. बांबूच्या तट्ट्या असतील तर त्या, काहीच नसेल तर हिरवी नेट, जी नागपुरात उन्हाळ्यात सिग्नलवर बांधलेली दिसते तीच. महिनाभर पूर्ण झाकायचं, मग वरून थोडी थोडी कमी करायची, शेवटी गुडघ्याएवढी पट्टी ठेवायची. जनावराच्या डोक्यात तोवर सीमा पक्की होते. मोठ्या बाड्यात जाळीच्या आतून दोन मीटरवर झुडपांची ओळ लावली तर ती कायमची खूण होते आणि दिसायलाही चांगली.

कोपऱ्यांबद्दल थोडक्यात, पण ठामपणे: 90 अंशांचा कोपरा ठेवू नका. माजावर आलेला सांबर नर मादीला किंवा लहान नराला कोपऱ्यात दाबतो आणि तिथून सुटका नसते. मी अशा जखमा शिवल्या आहेत, आणि ज्या शिवता आल्या नाहीत त्याही आठवतात. कोपरा गोल करा किंवा लाकडी खांबांनी तिरका भरून काढा. रात्रीच्या निवाऱ्याला दोन दारं हवीत, समोरासमोर, म्हणजे एक आत आला तर दुसऱ्याला बाहेर जाता येतं. मध्ये मातीचे उंचवटे, ओंडक्यांचे ढीग, म्हणजे पळणारं जनावर दोन उड्यांत नजरेआड होतं. गव्हाणी जनावरांपेक्षा एक जास्त, आणि एकमेकींपासून लांब. वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवल्या असतील तर पिल्लांसाठी एक अडसर करा: उभे दांडे, त्यांतून फक्त पिल्लू आत जाईल एवढी फट, आणि आत लसूणघास. रोह्याचा नर गव्हाणीवर उभा राहिला की चितळाच्या पिल्लाला दिवसभर काही मिळत नाही.

उन्हाळा. दर एप्रिलमध्ये प्राण्यांना कूलर लावल्याचे फोटो छापून येतात आणि लोकांना बरं वाटतं. बंद खोलीत झोपणाऱ्या वाघाला कूलरचा खरंच उपयोग होतो. रोही कूलरसमोर येऊन बसत नाही. पारा 45च्या वर जातो तेव्हा त्याला हवी असते दुपारी 3 वाजताची सावली, आणि बरेच आराखडे सकाळी 10च्या सावलीवर काढलेले असतात. उन्हाळ्यात पश्चिमेकडचं ऊन जिथे आत शिरतं तिथे झाडांची दाट ओळ द्या. टिनाच्या पत्र्याखाली सावली असते पण भट्टीसारखी. पत्र्यावर हातभर पोकळी सोडून गवताचं छप्पर घातलं तर खालचा फरक हाताला कळतो. सांबराला लोळायला चिखल लागतो आणि तो चिखल सावलीत असावा लागतो, नाहीतर तासाभरात ढेकूळ होतो. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला दोन मीटर उंचीपर्यंत जाळीचं कवच घाला आणि घासायला जुने ओंडके वेगळे रोवून द्या. शिंगं घासायची गरज खरी आहे, ती भागवायला काहीतरी दिलंच पाहिजे.

आता गोरेवाडा. इंडियन सफारी 26 जानेवारी 2021 ला सुरू झाली. पूर्ण प्रकल्पाची जागा 1900 हेक्टरच्या वर आहे आणि सफारीत वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी असे वेगळे विभाग, माणसं बसमध्ये. खुरी प्राण्यांसाठी ही कल्पना मला मूलतः पटते. माणूस एका ठरलेल्या रस्त्यावर, एका ठरलेल्या आवाजाच्या गाडीत असतो. अशा न बदलणाऱ्या गोष्टीला खुरी प्राणी फार लवकर सरावतात. पायी फिरणारी, थांबणारी, ओरडणारी माणसं त्यांना जड जातात. आणि झाडी खरी आहे, लावलेली नाही. तुमच्या तक्त्यातल्या मागे सरकायच्या अंतराच्या रकान्यात सफारी सहज जिंकते.

पण विस्तीर्ण जागेच्या अडचणी वेगळ्या, आणि त्या बसमधून दिसत नाहीत. लहान बाड्यात एखादी मादी लंगडली तर रखवालदार त्याच सकाळी सांगतो. मोठ्या रानात ती चार दिवस दिसत नाही. लाळ्या-खुरकुतासारखा साथीचा आजार आला तर कळप वेगळा कसा करणार? याचं उत्तर म्हणजे क्राल. प्रत्येक मोठ्या बाड्याच्या मागच्या अंगाला, पर्यटकांच्या नजरेआड, भक्कम लाकडी भिंतींचा छोटा बाडा. रोजची ढेप आणि मिठाची वीट तिथेच. जनावरं रोज स्वतःहून येतात, मोजली जातात, पाय पाहिले जातात, आणि वर्षातून दोन दिवस लस टोचायला दार बंद होतं. हलवायचं असेल तर वाहतुकीचा खोका क्रालमध्ये महिनाभर आधी ठेवून त्यातच चारा द्यायचा. पाठलाग करून पकडलेलं हरीण बऱ्याचदा पकडताना मरत नाही. दोन-तीन दिवसांनी स्नायू आतून गेल्याने मरतं, आणि तेव्हा काहीही करता येत नाही. म्हणून तुलना करताना मी आधी क्राल कुठे आहे ते विचारतो. तो नसेल तर 100 हेक्टर असले तरी मला तो बाडा अपुरा वाटतो.

जंगलाला लागून असलेल्या ठिकाणी कुंपणाला दुसरंही काम असतं. बाहेरचा बिबट आत यायला बघतो, भटकी कुत्री जाळीखालून उकरतात. कुत्र्यांनी चावा न घेता नुसतं रात्रभर दौडवलं तरी सकाळी चितळं मेलेली सापडतात. जाळीचा खालचा भाग जमिनीत दोन फूट गाडलेला असावा आणि वरचा बाहेरच्या बाजूला झुकलेला. नागपूरहून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावरच्या कान्हात याचं सर्वांत मोठं उदाहरण आहे. 1970च्या मोजणीत तिथे टणक जमिनीवर राहणाऱ्या पोटजातीचे बारशिंगे फक्त 66 उरले होते. गवताळ जागेला कुंपण घालून त्यांना आत ठेवलं, वाघाला बाहेर. त्या कुंपणात पिल्लं वाढली, गवत उंच राहिलं, आणि बारशिंग्याला पिल्लू लपवायला उंच गवतच लागतं. पुढे 2015 पासून तिथले बारशिंगे सातपुड्यातही नेले गेले. जगातली ती पोटजात त्या गवताच्या तुकड्यावरून परत आली. प्राणीसंग्रहालयात बारशिंग्याच्या बाड्यात गवत कापून लॉन केलेलं दिसलं की मला कान्हा आठवतो आणि वाईट वाटतं.

गवत टिकवायचा एक मार्ग आहे आणि तो आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही: बाड्याचे तीन भाग करा, दोन वापरात, एक विश्रांतीला. चार-चार महिन्यांनी फिरवा. पावसाळ्यात विश्रांती मिळालेला भाग हिवाळ्यात चरायला मिळतो, आणि जमिनीतल्या जंतांची साखळीही तुटते. पर्यटकांची तक्रार येते की अर्धा बाडा रिकामा आहे. ती तक्रार ऐकून घ्यायची आणि फाटक बंदच ठेवायचं. तुमच्या पाहणीत असा विश्रांतीचा भाग कुठे दिसला तर तिथल्या माणसांना भेटा. त्यांनी जनावरांबरोबर बरीच वर्षं काढलेली असतील.

पाहणीसाठी ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडा, परवानगी काढून, सकाळी चारा पडायच्या वेळी, मागच्या फाटकाने. बूट जुने घाला. गव्हाणीपाशी उभं राहून किती पाऊल रुततं ते मोजा. कुंपणाच्या कडेची पायवाट किती खोल आहे ते पट्टीने मोजा; जनावर एकाच रेषेवर फेऱ्या घालत असेल तर ती जमिनीत लिहिलेली असते. त्यानंतर मेमध्ये दुपारी 3 वाजता त्याच जागी पुन्हा जा आणि सावलीत किती जनावरं बसली, किती रवंथ करताहेत ते नोंदवा. दोन्ही वेळचे आकडे हाती आले की आराखडा काढायला बसा, आणि काढून झाला की मला जरूर दाखवा. दर्शनी बाजू नंतर पाहू. आधी पाण्याचा उतार, हौदाची जागा आणि क्रालचं दार कुठे उघडतं तेवढं पाठवा.